बायकांचे बँड



खाडिलकरांचे 'बायकांचे बंड' आपल्याला ठाऊक आहे. मी बोलणार आहे ते बँडविषयी. संगीतातला मी जाणकार नव्हे. मजुरांच्या सभा हीच माझी शाळा. परवा एका वरातीत मनात आले, या पितळी वाद्यांमागे एकही बाई का नाही? बँडच्या उस्तादांना विचारले, तर म्हणाले, "भाऊ, बायांचा दम पुरत नाही."

मला हसू आले. आपल्याच जिल्ह्यातली बाई उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. तिच्या दमाची आणखी कोणती परीक्षा घ्यायची? तरी नवराबायको मिळून कोयता एकच, आणि उचल घेतो नवरा.

मग मी वाचू लागलो. १९२७ साली मुंबईत नभोवाणी सुरू झाली, तेव्हा खोर्शेद मिनोचर-होमजी आणि त्यांची बहीण माणेक 'होमजी भगिनी' म्हणून तीवर कार्यक्रम करीत. १९३५ साली खोर्शेद बॉम्बे टॉकीजच्या संगीत दिग्दर्शिका झाल्या, माणेक पडद्यावर आल्या. पारशी समाजात गहजब झाला. तेव्हा खोर्शेदची सरस्वतीदेवी झाली, माणेकची चंद्रप्रभा. काम बाईचे, पण नाव लपवून! कोयत्याचा हिशेब मुंबईतही तोच.

हे झाले दिग्दर्शनाचे. पितळेसाठी मात्र मला अमेरिकेत जावे लागले, म्हणजे पुस्तकातून. मिसिसिपी राज्यात पाइनी वुड्स ही गरीब काळ्या मुलामुलींची शाळा. तिच्या खर्चासाठी १९३७ च्या सुमारास मुलींचा बँड निघाला, 'इंटरनॅशनल स्वीटहार्ट्स ऑफ रिदम'. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सारे मुलींच्या हाती. १९४१ साली त्या शाळेपासून वेगळ्या झाल्या, आणि अ‍ॅना मे विनबर्न ही बाई पुढे उभी राहून बँड चालवू लागली. टायनी डेव्हिसचे ट्रम्पेट ऐकून तिच्या दमाविषयी कोणी शंका काढली नसेल! दक्षिणेत काळ्यांना हॉटेलात खोली मिळेना, म्हणून मुली बसमध्येच झोपत. पुढे काही गोऱ्या मुली बँडमध्ये आल्या. काळ्या-गोऱ्यांनी एकत्र वाजवणे तिथे गुन्हा, म्हणून त्या तोंडाला काळपट रंग लावीत. १९४५ साली हा बँड युरोपात सैनिकांपुढे वाजला.

ही हकीकत मी उस्तादांना सांगितली. ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "दमाचं जाऊ द्या, भाऊ. रात्रीच्या वरातीतून पोरगी घरी कशी जायची? अन् तिचे पैसे तिच्या हातात द्यायचे, का बापाच्या?"

"तिच्याच," मी म्हणालो. पहिल्या प्रश्नाला मात्र उत्तर सुचले नाही. आपल्यापैकी कोणाला सुचत असेल तर व्याख्यान संपल्यावर भेटावे. उस्तादही आज मागच्या रांगेत बसले आहेत.