व्यसनमुक्ती आणि घराचा भरवसा
(गडचांदूर येथील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

दारू सुटणे आणि घरच्यांचा विश्वास परत मिळणे या दोन निरनिराळ्या घटना आहेत. पहिली काही आठवड्यांत घडू शकते, दुसरीला वर्षे लागतात, आणि ती घडण्याआधीच ‘आता तरी विश्वास ठेवा’ असा हट्ट सुरू झाला की बहुतेक घरांत पुन्हा भांडण पेटते. व्यसन हा आजार की दुर्गुण, ही चर्चा येथे नको. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केल्यापासून ती मराठीत पुष्कळ झाली आहे. प्रतिपादन एवढेच, की विश्वास शपथेने नव्हे, उघड व्यवहाराने परततो, आणि हा उघडपणा घरच्यांनाही पाळावा लागतो.

या उघडपणाचे उदाहरण म्हणून दारू सोडवण्यासाठी दिली जाणारी डायसल्फिरमची गोळी पाहू. पोटात गेलेल्या दारूपासून ॲसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य बनते व यकृत त्याचा निचरा करते. गोळी हा निचरा रोखते, त्यामुळे वर दारू घेतल्यास छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो, प्रसंगी जिवावर बेतते. म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि रुग्णाला सर्व सांगूनच द्यायची असते. तरीही ‘रुग्णाला न कळता दारू सोडवा’ अशा जाहिराती दिसतात. वरणात पूड कालवणाऱ्या बाईची हतबलता समजण्यासारखी आहे, पण नवऱ्याला ते कळले की ताटातल्या अन्नावरचाही त्याचा भरवसा उडतो. (हशा, पुढच्या रांगेतील काही पुरुष मात्र गंभीर.) याउलट, जिभेखाली लपवता येऊ नये म्हणून गोळी पाण्यात विरघळवून पत्नीदेखत पेला रिकामा करणारा माणूस रोज सकाळी, एक शब्दही न बोलता, पुरावा देत असतो.

लपवाछपवीचा विषय निघाल्यावर या चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदीचा विषय टाळता येत नाही. चिमूरहून नागपूरच्या विधिमंडळ अधिवेशनावर पायी गेलेल्या बायांनी आणि पारोमिता गोस्वामी यांच्या श्रमिक एल्गार संघटनेने झगडून मिळवलेली बंदी १ एप्रिल २०१५ रोजी लागू झाली व २०२१ साली उठली. शेजारच्या गडचिरोलीत ती १९९३ पासून आहे. बंदीतही दारू चोरून येत होती, हे खरे. पण तेवढ्यावरून त्या बायांना हसणे शोभत नाही. (महिलांकडून टाळ्या, मागून ‘महसुलाचं बोला’ असा आवाज.) महसुलाचे उत्तर शासनाने द्यावे, येथे मुद्दा घरापुरता आहे, आणि दुकान बंद असो वा उघडे, घरातला अविश्वास त्याने मिटत नाही.

वेळ संपत आल्याची अध्यक्षांची चिठ्ठी आल्यामुळे ‘स्लिप’, म्हणजे सोडलेली दारू पुन्हा तोंडाला लागणे, एका वाक्यात उरकावे लागते: त्याच रात्री स्वतःहून कबूल करणाऱ्यावर घर तुटून पडले, तर पुढची स्लिप तो लपवतो. श्रोत्यांचे बहुतेक प्रश्न पगाराच्या दिवसाविषयी आहेत. पहिले वर्षभर एटीएम कार्ड पत्नीकडे राहावे, मात्र काढलेला प्रत्येक रुपया दोघांनी एकाच वहीत लिहावा, ज्यात पत्नीचा खर्चही येईल. (हशा, या वेळी पुरुषांचा.)