जाण्याची वाट आणि येण्याची वाट



घरचा सर्व्हर म्हणजे काही मोठा यंत्रपसारा नव्हे. कोपऱ्यात ठेवलेला, अहोरात्र चालू असणारा एक लहानसा संगणक, एवढेच त्याचे रूप. त्यात कुटुंबाची छायाचित्रे असतात, हिशेबाचे कागद असतात, दारावरच्या कॅमेऱ्याचे चित्रण असते. आपली चीजवस्तू परक्याच्या कोठारात न ठेवता आपल्या घरी ठेवावी, ही त्यामागील वृत्ती मला मोलाची वाटते. परंतु ज्याने कोठार घरात आणले, त्याला कोठाराची वाटही सांभाळावी लागते.

ही वाट म्हणजे घरात आलेली फायबरची तार. रस्ता खणताना कुदळ लागली की ती तुटते. त्यावर सोपा उपाय म्हणून लोक राउटरमध्ये मोबाइलचे सिमकार्ड घालतात. तार तुटली की राउटरने मोबाइलच्या जाळ्यावर जावे, अशी ही योजना आहे. योजना चांगली, पण ती बहुधा अर्धीच असते, आणि उरलेले अर्धे नेमके अडचणीच्या वेळी उघडकीस येते.

समजा, वृद्ध आईवडील साताऱ्यास आहेत आणि मुलगी पुण्यास. तार तुटली, सिमकार्डाने काम हाती घेतले. वडील स्वस्थपणे बातम्या वाचीत आहेत. त्यांच्या लेखी सर्व ठीक आहे. मुलगी मात्र घरचा कॅमेरा पाहू जाते, तो तिला काहीच दिसत नाही. असे का व्हावे?

इंटरनेटच्या जुन्या पद्धतीतील पत्ते सुमारे ४२९ कोटी. त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. म्हणून मोबाइल कंपन्या सर्वसाधारणपणे पुष्कळ ग्राहकांना एकाच जाहीर पत्त्यामागे बसवितात. त्यासाठी आतल्या पत्त्यांची एक वेगळी मालिकाही २०१२ साली राखून ठेवण्यात आली. हा प्रकार एकाच दरवाजाच्या मोठ्या वाड्यासारखा आहे. बिऱ्हाडकरूने बाहेर पत्र धाडले, तर देवडीवरचा माणूस ते लक्षात ठेवतो आणि उत्तर त्याच्याकडे पोचवतो. पण बाहेरून कोणी आपण होऊन आला, तर तो कोणाकडे आला हे त्याला ठाऊक नसते. तो त्याला परत लावतो. वडिलांचे पत्र आतून गेले होते. मुलगी बाहेरून आली होती.

मग उपाय काय? घरच्या सर्व्हरनेच बाहेर जावे. जाहीर पत्ता असलेला एक छोटा संगणक भाड्याने घ्यावा आणि घरच्या सर्व्हरने त्याच्याशी कुलूपबंद बोगदा सतत उघडा ठेवावा. वायरगार्ड नावाची अशी सोय २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे. दर पंचवीस सेकंदांनी एक लहानसा संदेश धाडण्यास तिला सांगून ठेवले, की देवडीवाल्यास विसर पडत नाही. मुलीने त्या भाड्याच्या संगणकाच्या दारी जावे. तेथून बोगद्याने ती घरी पोचते. माल तेथे साठत नाही, केवळ पुढे जातो. नव्या पद्धतीत पत्त्यांचा तुटवडा नाही, हे खरे. तरी तेथेही कंपनी बाहेरून येणारा अडवू शकते, हे ध्यानात ठेवावे.

आणखी तीन गोष्टी. पहिली काटकसरीची. सेकंदाला दोन मेगाबिट घेणारा कॅमेरा दिवसाला सुमारे २१.६ गिगाबाइट खातो. दिवसाला दीड गिगाबाइटचा शिधा असेल, तर तो शंभर मिनिटांत आटोपतो. म्हणून संकटकाळी अखंड चित्रण बंद ठेवून मागेल तेव्हाच चित्र द्यावे. दुसरी पारखण्याची. डबीवरचा दिवा लागला म्हणजे वाट सुरू आहे असे नव्हे. राउटरने दूरच्या एखाद्या पत्त्यास हाक मारून उत्तर येते का, हे पाहिले पाहिजे. तिसरी स्वतंत्रपणाची. सिमकार्ड निराळ्या कंपनीचे घ्यावे आणि राउटर व सर्व्हर यांना बॅटरीचा आधार द्यावा. मोबाइलचा मनोराही पुष्कळदा जमिनीतल्या तारेवरच अवलंबून असतो. दोन्ही वाटा एकाच खड्ड्यात तुटाव्यात, यात शहाणपण नाही.

शेवटी एवढेच सांगतो, की ज्याची परीक्षा घेतली नाही त्या सोयीवर विसंबू नये. महिन्यातून एकदा दिवसाउजेडी तार स्वतः काढावी आणि परगावच्या आप्तास घरात डोकावून पाहावयास सांगावे. आत बसून निर्वाळा देऊ नये. तो बाहेरच्याने द्यावयाचा असतो.