धुळ्याचा तुरुंग ते पंढरीचे महाद्वार



राष्ट्रीय चळवळीचा इतिहास सांगताना सभा, सत्याग्रह व तुरुंगवास यांचा उल्लेख प्रथम होतो. परंतु समाज एक झाल्यावाचून राष्ट्र उभे राहत नाही, ही जाणीव सुधारकांनी आधीच रुजविली होती. १८६७ चा प्रार्थना समाज आणि १८७३ मध्ये महात्मा फुले यांनी स्थापिलेला सत्यशोधक समाज यांच्या वाटा भिन्न होत्या. तथापि जन्मजात उच्चनीचतेला दोघांनीही आव्हान दिले. पुढे ‘आधी राजकीय की आधी सामाजिक’ हा वाद इतका विकोपास गेला की, १८९५ च्या पुणे काँग्रेसच्या मंडपात सामाजिक परिषद भरविण्यास विरोध झाला.

या दोन प्रवाहांचा संगम खानदेशात पाहावयास मिळतो. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबाजींनी २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली. ती साने गुरुजींनी लिहून घेतली. अमळनेरच्या शाळेतील शिक्षकाची नोकरी सोडून १९३० मध्ये गुरुजी सत्याग्रहात उतरले होते. राजबंद्यांपुढे झालेल्या या निरूपणात धर्म हा कर्मकांडाचा नव्हे, तर निष्काम सेवेचा विषय ठरला.

१९३६ च्या डिसेंबरात पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. त्याच्या यशासाठी गुरुजी गावोगाव फिरले. शेतकऱ्यांच्या कर्जाचा व साऱ्याचा प्रश्न तेथे राष्ट्राचा प्रश्न बनला.

तरीही स्वराज्य उंबरठ्यावर आले असता पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरात हरिजनांना प्रवेश नव्हता. ज्या संतांनी समतेचा घोष केला, त्यांच्याच दैवताचे दार बंद असावे, हे गुरुजींना असह्य झाले. महाराष्ट्रभर दौरा करून त्यांनी लोकमत जागविले आणि १ मे १९४७ रोजी प्राणांतिक उपोषण आरंभिले. अखेर ते दार उघडले. परकीयांकडून स्वातंत्र्य मागणाऱ्यांनी स्वकीयांना ते नाकारू नये, हाच त्या उपोषणाचा अर्थ होता.

१९५० पासून राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आहे. परंतु कायद्याचे अक्षर गावाच्या पाणवठ्यावर, शाळेच्या पंगतीत आणि ग्रामसभेच्या बैठकीत खरे ठरावे लागते. ते काम शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य यांच्या हाती आहे. सुधारकांचा तो वारसा त्यांनी पुढे न्यावा.