झाड कुठलं आणि जागा कुठली



धानोऱ्याच्या या अधिवेशनाच्या मांडवात वाळवंटाचा विषय काढला, हे काहींना विचित्र वाटेल. गडचिरोली जिल्ह्याचा दोन तृतीयांशांहून अधिक भाग आजही जंगलाखाली आहे. पण वाळवंटात जंगल उभं करून पृथ्वीचा ताप उतरवण्याची कल्पना सध्या जगभर बोलली जाते, आणि त्या हिशेबात आपली उभी जंगलंही ओढली जातात.

2009 मध्ये शास्त्रज्ञ लेनर्ड ऑर्नस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक धाडसी योजना मांडली. समुद्राचं पाणी गोडं करायचं आणि त्यावर सहारा व ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागात निलगिरीची जंगलं वाढवायची. ती कागदावरच राहिली. इस्रायलमध्ये नेगेवच्या काठावर मात्र यातीरचं पाइनवन 1960 च्या दशकापासून खरोखर उभं आहे. तिथे वर्षाला जेमतेम 280 मिलिमीटर पाऊस पडतो. संशोधक डॅन याकीर आणि एयाल रोटेनबर्ग यांनी तिथे वर्षानुवर्षं मोजमापं घेतली आणि 2010 मध्ये निष्कर्ष मांडले. हे वन कार्बन चांगला शोषतं. पण उजळ जमीन जे ऊन आकाशात परतवत होती, ते आता गडद पाइन गिळतात. त्यामुळे साठवलेल्या कार्बनचा फायदा वरचढ ठरायला कित्येक दशकं जावी लागतात.

आपल्याकडे असं का होत नाही? कारण पाणी. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे 24 लाख ज्यूल उष्णता लागते आणि झाड ती भोवतालातून घेतं. झाडाचा हा घामच गारवा देतो. धानोऱ्याच्या रानात आषाढापासून दिवाळीपर्यंत तो मुबलक असतो. वैशाखात आपलं सागवानही बोडकं होतं, हे मी नाकारत नाही. पण पावसाळ्यात मुरलेलं पाणी पुढे नाल्यांना आणि बांध्यांना मिळतं. यातीरच्या झाडांपाशी एवढं पाणीच नाही. ती ऊन शोषतात आणि ते कोरड्या उष्णतेच्या रूपात हवेला देतात.

म्हणून वाळवंटात झाड लावूच नये, असं मी म्हणत नाही. राजस्थानात खेजडी शेतकऱ्याला सावली, चारा आणि सांगरीच्या शेंगा देते, तिचं मोल मोठं आहे. माझा आक्षेप आहे तो कुठल्याही उजाड दिसणाऱ्या जमिनीवर रोपं लावून हवामानाचं देणं फिटलं असं मानण्याला.

महाराष्ट्रात 2016 ते 2019 या काळात वृक्षलागवडीच्या मोठ्या मोहिमा झाल्या. 2019 चं उद्दिष्ट 33 कोटी रोपांचं होतं. त्यामागची कळकळ खरी होती. पण सोलापूरकडचं माळरान म्हणजे पडीक जमीन नव्हे. नान्नजचा माळढोक, लांडगा, धनगरांची मेंढरं त्या गवतावर जगतात. गवताचा कार्बन बराचसा जमिनीखाली मुळांत असतो, वणवा आला तरी तिथे टिकतो. तिथे रोपांसाठी खड्डे खणणं मला चुकीचंच वाटतं.

याहून गंभीर गोष्ट भरपाईची. 1980 च्या वनसंवर्धन कायद्याखाली जंगल दुसऱ्या कामासाठी वळतं केलं की पर्यायी वनीकरण करावं लागतं. ग्रेट निकोबार बेटावरच्या प्रकल्पासाठी सुमारे 130 चौरस किलोमीटर वनजमीन वळती होणार आहे आणि तिच्या भरपाईची झाडं हरियाणात लावायचं ठरलं आहे. बारमाही ओल्या वर्षावनाच्या बदल्यात कोरड्या प्रदेशातली लागवड! कागदावर हेक्टर जुळतील, पण निकोबारचा गारवा आणि तिथले जीव हरियाणात कसे उभे राहणार?

इथून जवळच मेंढा-लेखा आहे. 2009 मध्ये त्या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. त्या लोकांनी उभं जंगल राखलं, त्यातून बांबूची मजुरी मिळवली. हवामानासाठी यापेक्षा खात्रीचं काम मला ठाऊक नाही.

तेव्हा इथे जमलेल्या लेखक-अभ्यासकांना माझी विनंती आहे. लागवडीची बातमी लिहाल तेव्हा रोपांच्या आकड्यावर थांबू नका. तिथे पाऊस किती, आधी तिथे काय होतं, तिसऱ्या वर्षी किती झाडं जगली, हे विचारा. आणि कठाणी नदीच्या खोऱ्यातलं जंगल तुटणार असेल, तर त्याची भरपाई दूरच्या माळावर मान्य करायची नाही, असा ठराव याच अधिवेशनात करा.