हजार ग्रह, पण वाट कुठे?

(खोताची वाडी, गिरगाव : गणेशोत्सवातील व्याख्यान, सप्टेंबर २०२३)



फळ्यावर 'स्टारफील्ड : पहिली ओळख' हा विषय वाचून कालपासून बऱ्याच जणांनी मला अडवलं. बाप्पासमोर कॉम्प्युटरचा गेम कशाला? अहो, बाप्पा चौसष्ट कलांचा अधिपती, ही पासष्टावी समजा. आणि गेल्याच महिन्यात, २३ ऑगस्टला संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी, चांद्रयान-३ चंद्रावर उतरताना इथलं प्रत्येक घर टीव्हीपुढे श्वास रोखून बसलं होतं. नारळीकर, फोंडके यांच्या विज्ञानकथा वाचून वाढलेल्या मंडळींना ग्रहगोल मी काय शिकवणार? तो भाग सोडतो. हा गेम बनवणारी बेथेस्डा कंपनी, तिचा आधीचा गेम 'स्कायरिम', दिग्दर्शक टॉड हॉवर्ड हे सगळं मागच्या रांगेतल्या पोरांना तोंडपाठ आहे. पुढच्या रांगेने त्यांना नंतर गाठावं. (हशा)

गेम ६ सप्टेंबरला आला. काळ २३३० सालचा. तुम्ही खाणीतले कामगार. एका विचित्र धातूच्या तुकड्याला हात लागतो, काहीतरी दिसतं, आणि थोड्याच वेळात एक अवकाशयान तुमच्या ताब्यात येतं. पुढे हजाराहून जास्त ग्रह. पहिल्या काही दिवसांतच ६० लाखांवर माणसं खेळली आणि तिथेच दोन तट पडले. कुणी पैकीच्या पैकी गुण दिले, तर 'आयजीएन' या गेमच्या संकेतस्थळाने दहापैकी सात. एक मोठी तक्रार : ग्रह रिकामे आहेत.

मला ही तक्रार मान्य नाही. चंद्रही रिकामाच आहे, म्हणून तो आपल्याला नकोसा झाला का? दोष रिकामपणात नाही. या गेमने वाट काढून घेतली, हा खरा दोष आहे, आणि तेवढंच सांगायला मी आज उभा आहे.

आता बघा. एका उजाड ग्रहावर मी उतरलो. लांब एक डोंगर होता, त्याच्यामागून दुसरा ग्रह वर येत होता. यान सोडून चालायला लागलो. गाडीबिडी काही नव्हती, पायीच. धावलं की ऑक्सिजनची पट्टी उतरते. ती संपली की कार्बन डायऑक्साइडची लाल पट्टी चढते आणि जिवावर बेततं. म्हणून थोडं धावायचं, थांबायचं, श्वास घ्यायचा. कानात स्वतःचाच श्वास. सावली पायापुढे लांबत चाललेली. वाटेत एका दगडात लोखंड सापडलं. ते कापून घेतलं, पुढे गेलो. मागे वळून पाहिलं तर यान नखाएवढं. इतका आनंद मला फार दिवसांनी झाला होता. डोंगर जवळ येत होता. आणि एकाएकी पडद्यावर सूचना : हद्द संपली, नकाशा उघडा किंवा यानाकडे परत जा. डोंगर समोर दिसतोय, आणि जाता येत नाही!

(मागून एक आवाज : "मग नकाशा उघडायचा ना!")

तेच तर! नकाशा उघडला, बोट ठेवलं, पडदा काळा झाला, पोचलो. दुसऱ्या सूर्यमालेतही असंच. एकदा पाहिलेल्या जागी तर यानात बसावंही लागत नाही. जमीन आणि अवकाश या दोन वेगळ्या दुनिया ठेवायच्या, असं सुरुवातीलाच ठरवल्याचं हॉवर्ड यांनी गेल्या वर्षी सांगितलं होतं. बनवणाऱ्यांच्या अडचणी असतील, मी नाकारत नाही. पण चांद्रयान आठवा. १४ जुलैला निघालं, एकेक कक्षा वाढवत गेलं, १ ऑगस्टला चंद्राची वाट धरली, ५ ऑगस्टला त्याच्याभोवती फिरायला लागलं. आपण चाळीस दिवस रोज विचारत होतो, कुठवर आलं? त्यातला विक्रम लँडर उतरला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, ते या चाळीस दिवसांमुळे. आणि ही वाडी! शंकरशेठ रस्त्यावरून आत वळल्यावर लाकडी जिने, पडव्या, क्रूस, कुणाच्या तरी स्वयंपाकघराचा वास, असं करत करत माणूस अनंताश्रम खानावळीच्या दाराशी पोचायचा. जेवायची निम्मी तयारी तिथवर झालेली असायची.

कुणी म्हणेल, हा नुसता रडतोय. नाही हो! या गेममधली एकेक वस्तू जीव लावून केलेली आहे. टेबलावरचं सँडविच उचला, पेन उचला, पुस्तक उचला. एका पठ्ठ्याने खोली भरून बटाटे साठवले आणि दार उघडल्यावर ते खरेखुरे घरंगळत बाहेर आले. ("वाडीतल्या वेफरवाल्यांना बोलवा!" प्रचंड हशा) हो, बोलवा! एवढा एकेक बटाटा ज्यांना महत्त्वाचा वाटला, त्यांना दोन ग्रहांमधलं अंतर महत्त्वाचं का वाटू नये, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आरतीची वेळ झाली, अध्यक्ष खुणावताहेत. गेममधला मंगळावरचा ऑपॉर्च्युनिटी रोव्हर, हवा गमावलेली पृथ्वी, सगळं राहिलं. एक प्रश्न घेतो. काय रे? गेम घ्यावा का?

घे. मात्र पहिले काही दिवस नकाशाच्या बटणाला हात लावू नकोस. जिना चढून यानात जा, खुर्चीत बस, उड्डाण कर. स्कॅनर लावून काचेतून ग्रह निवड, ऊर्जा ग्रॅव्ह ड्राइव्हकडे, म्हणजे झेपेच्या इंजिनाकडे वळव आणि मग झेप घे. उतरल्यावर खुर्चीतून उठ आणि दारातून चालत बाहेर ये. जास्त वेळ लागेल, लागू दे.