वाणसामानाची यादी: कराड ते श्टुटगार्ट

(१९९५ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



तीस वर्षांनी या हॉलमध्ये उभी आहे आणि अजूनही वाटतंय की बोलताना चुकले तर बाई डस्टर आपटतील. काल संध्याकाळपासून मला निदान दहाजणांनी एकच प्रश्न विचारला, "तिकडं दूध काय लिटर?" संयोजकांनी म्हणूनच मला ‘तिकडची महागाई’ हा विषय दिला असावा. तर सगळ्यांना एकदमच उत्तर देते.

मी गेली चौदा वर्षं जर्मनीत, श्टुटगार्टला राहते. तिथं सुपरमार्केटमध्ये साधं दूध लिटरला एक युरोच्या आसपास मिळतं. युरो आज शंभर रुपयांच्या वर आहे. म्हणजे दूध शंभर रुपये लिटर. हिशेब बरोबर आहे, पण उत्तर चूक आहे. का, ते सांगते.

२०११ साली गेले तेव्हा युरो ६५ रुपयांच्या आसपास होता. पहिले काही महिने मी दुकानात प्रत्येक वस्तूला मनात ६५ ने गुणायची. कोथिंबिरीच्या चार काड्या दीड युरोला, म्हणजे जवळजवळ शंभर रुपये! आपल्या मंडईत भाजीवाली मावशी जी भाजीवर फुकट टाकायची, ती. ठेवली परत. फ्लॉवर ठेवला परत. भेंडीकडे तर बघितलंसुद्धा नाही. शेवटी नवरा म्हणाला, "अशीच गुणत राहिलीस, तर आपण दोघंही उपाशी मरू."

गणिताचे सर समोर बसलेत. सर, तुम्ही शिकवलं होतं की तुलना करायची तर आधी एकक सारखं करा. मी रुपया हे एकक धरलं, तिथंच चुकले. जागतिक बँकेच्या पुढाकारानं देशोदेशीच्या किमतींची तुलना होते. २०१७ च्या तुलनेत डॉलरचा बाजारातला दर ६५ रुपये होता, पण अमेरिकेत एका डॉलरला जेवढं येतं, तेवढं भारतात सरासरी २०.६५ रुपयांत येत होतं. म्हणजे बँकेतला दर आणि पिशवीतला दर वेगळा असतो.

मग मला एकक सापडलं ते दुकानातच. तिथं गल्ल्यावरची बाई खुर्चीत बसून वस्तू इतक्या वेगानं पुढं सरकवते की आपली पिशवी भरेपर्यंत मागच्या माणसाचं सामान आपल्यावर येऊन आदळतं. मदतीला पोऱ्या नाही, घरपोच नाही. ढकलगाडी हवी तर आधी नाणं घाला. पाण्याची रिकामी बाटली परत नेली तर २५ सेंट मिळतात, म्हणून मोठे पगारवालेही बाटल्यांच्या पिशव्या घेऊन येतात. रविवारी दुकान बंद. एकदा त्या बाईकडे बघताना डोक्यात आलं, हिला तासाला काय मिळत असेल? आणि त्या तासात हिच्याच दुकानातलं काय येत असेल?

२०२५ मध्ये जर्मनीत किमान वेतन तासाला १२.८२ युरो होतं. तेवढ्यात दोन लिटर दूध, किलोभर पीठ, दहा अंडी, किलोभर कांदे आणि पाव किलो लोणी येतं आणि वर काही सुटे उरतात. कर, कपात गेली तरी भागतं. आता इकडे या. आमच्या घरामागच्या रानात भांगलणीला बायका येतात. परवा विचारलं, तर दिवसाचे साडेतीनशे म्हणाल्या. आठ तास धरले तर तासाला ४४ रुपये. त्यात म्हशीचं लिटरभर दूधसुद्धा येत नाही.

एर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञानं १८५७ मध्येच मांडलं होतं की कुटुंब जितकं गरीब, तितका त्याच्या खर्चात अन्नाचा वाटा मोठा. आपल्याकडच्या २०२३-२४ च्या सरकारी पाहणीत हा वाटा खेड्यात ४७ टक्के आणि शहरात ४० टक्क्यांच्या जवळ आहे. जर्मनीत तो साधारण १२ टक्के आहे. म्हणून तुम्ही विचारता तेव्हा मी सांगते, किराणा तिकडं स्वस्त आहे.

मग महाग काय? माणूस. माझे केस कापायचे तर पन्नास युरो लागतात. म्हणून मुलांचे केस मी घरीच कापते, त्यांच्या फोटोंत ते दिसतंही. प्लंबर बोलवायचा म्हणजे घरात आधी चर्चा होते. भांडी, फरशी, रंग, कपाटं जोडणं, सगळं आपलं आपण. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत हातात पाना धरला नव्हता, तो तिकडं धरला. सगळ्यांत मोठा खर्च घरभाड्याचा, पगाराचा तिसरा हिस्सा त्यातच जातो.

इकडे आले की आईकडे दूध दारात येतं, मावशी भांडी घासतात, इस्त्रीवाला कपडे नेतो. मी सुखावते. खोटं कशाला बोलू? पण आता ‘भारतात सगळं किती स्वस्त’ असं कोणी म्हणालं की मला त्या ४४ रुपयांची आठवण येते. आपल्याला स्वस्त पडतो तो कोणाचा तरी तास असतो.

इथपर्यंतचं मी ऑफिसातही बोलू शकले असते. पुढचं मात्र इथंच बोलायचं आहे.

आपल्यापैकी काहींना माहीत असेल, आमचे आप्पा साखर कारखान्यात कारकून होते. मधली काही वर्षं पगार तीन-तीन महिने थकायचा. तेव्हा घरात किराणा यायचा तो वहीवर. लाल कापडी पाठीची लांबट वही, आमच्या नावाचं पान, आणि आणायला जायची मी. "आईनं सांगितलंय, पुढच्या पगाराला देतो," हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की अजून झोपेत म्हणेन. सगळ्यांत वाईट म्हणजे दुकानात बापाच्या शेजारी पुड्या बांधायला बसलेला मुलगा आपल्याच वर्गात होता. तो आज तिसऱ्या रांगेत बसलाय. मी लांबून बघायची. तो गल्ल्यावर असला की मंडईला चक्कर मारून अर्ध्या तासानं यायची. वर्गात वाटायचं, आज हा कोणाला तरी सांगणार. शाळा संपेपर्यंत त्यानं एका शब्दानं कोणाला सांगितलं नाही.

२००३ मध्ये आप्पांची बायपास झाली. मला नोकरी लागून दोनच वर्षं झाली होती. दीड लाखाच्या वर बिल आलं, आईच्या पाटल्या गहाण पडल्या. त्या आठ महिन्यांत दुकानातून एकदाही तगादा आला नाही. सामान मात्र दर महिन्याला आलं.

२०१९ मध्ये तिकडं माझं पाठीचं ऑपरेशन झालं. नऊ दिवस दवाखान्यात होते. मी भरले ९० युरो, दिवसाला १० प्रमाणे. सहा आठवडे पूर्ण पगार आला, नंतरही विमा संस्थेनं बराचसा दिला. बिछान्यावर पडून मी तो ९० चा कागद बघत होते आणि मला पाटल्या आठवत होत्या. माझ्या पगारातून दरमहा चाळीस टक्क्यांच्या आसपास कापलं जातं, त्यावर मी वर्षानुवर्षं कुरकुर केली. त्या दिवशी कळलं, ही त्या देशाची उधारीची वही आहे. फरक एवढाच की तिथं ती कायद्यानं चालते, म्हणून मान खाली घालून जावं लागत नाही. आपल्याकडे ती एका माणसाच्या भलेपणावर चालली. दुकानदार तसा नसता, तर मी आज इथं नसते.

ज्यांची मुलं बाहेर शिकायला निघालीत, त्यांच्यासाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी २०२५ मध्ये खात्यात ११,९०४ युरो दाखवावे लागत होते, महिन्याला ९९२. किराण्याला त्यातले दोनशे पुरतात, पण मोठ्या शहरात खोलीलाच निम्मे जाऊ शकतात, आणि आरोग्य विमा वेगळा. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही, पण आमच्या राज्यात परदेशी मुलांना सहामाहीला १,५०० युरो पडतात. गुणाकार एकदाच, जाण्याआधी करा. गेल्यावर मुलाला फोनवरून करायला लावू नका, त्याला जेवू द्या. आणि जाण्याआधी त्याला कुकर लावायला, संडास घासायला आणि हिशेब लिहायला शिकवा.

काल मी त्या दुकानात जाऊन आले. काउंटरवर क्यूआर कोड लावलाय. मी आईसाठी तूरडाळ, शेंगतेल, गूळ घेतला आणि धीर करून विचारलं, "वही आहे का रे अजून?" त्यानं खालचा खण उघडून दाखवली. म्हणाला, "आहेत की. तीसेक घरं आहेत."

मित्रा, मी तेव्हा मंडईला चक्कर मारायची, ते तुला माहीत होतं का, हे काल विचारायचं राहिलं. आज सगळ्यांसमोर एवढंच सांगते की पैसे फिटले, बाकी फिटलेलं नाही. ते आमच्या पानावर तसंच राहू दे.

आता चहा घेऊ या. दूध इथलंच आहे, त्यामुळे गुणाकार नको.