शस्त्रक्रियेतले टाके : हातापासून यंत्रापर्यंत
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आपापल्या कामाबद्दल पाच मिनिटं बोला, असं संयोजकांनी सांगितलंय. आपल्यातल्या डॉक्टरांनी मला सांभाळून घ्यावं.

शस्त्रक्रियेत आतड्याला किंवा फुप्फुसाला टाके घालणारं एक यंत्र असतं, सर्जिकल स्टेपलर. त्याच्या मोटरला कधी चालायचं आणि कधी थांबायचं हे सांगणारी आज्ञावली लिहिणं हे माझं काम. धावदोरा घालताना माझी होणारी तारांबळ ज्यांना आठवते, त्यांनी आता हसून घ्यावं.

कल्पना नवी नाही. सुश्रुतसंहितेत निरनिराळ्या आकारांच्या सुया सांगितल्या आहेत. आतड्याला छेद गेला असेल तर कडा जुळवून त्यावर काळ्या मुंग्या चावायला लावायच्या आणि मग त्यांची धडं तोडून डोकी तशीच राहू द्यायची, हा उपायही त्यात आहे. आजच्या स्टेपलरच्या पिना हेच काम करतात.

पहिलं यंत्र 1908 साली बुडापेस्टच्या ह्युमर हुल्टल या शल्यविशारदांनी वापरलं. ते अवजड होतं, जुळवायलाच बराच वेळ लागे. पुढे मॉस्कोच्या एका संस्थेत अशी यंत्रं सुधारली गेली. 1958 साली सोव्हिएत संघात गेलेल्या मार्क रॅविच या अमेरिकन शल्यविशारदांनी तिथलं एक यंत्र मायदेशी नेलं आणि नंतर अमेरिकेत त्याचा प्रसार झाला.

यंत्राचे दोन जबडे असतात. एकात पिनांचं कार्ट्रिज, दुसऱ्यात ऐरण. मध्ये ऊतक दाबून धरायचं, पिना ऐरणीवर आपटून इंग्रजी ‘बी’ अक्षरासारख्या वळतात आणि त्यांच्या मागोमाग मधून पातं सरकतं. ‘बी’चा आकार महत्त्वाचा, कारण त्याच्या पोकळीतून बारीक रक्तवाहिन्या वाहत्या राहतात आणि कड जिवंत राहते. नेहमीच्या निळ्या कार्ट्रिजमधली पिन मिटल्यावर साधारण 1.5 मिलिमीटर उरते, जाड ऊतकाच्या हिरव्यातली 2 मिलिमीटर. अर्ध्या मिलिमीटरचाच फरक, पण निवड चुकली तर पिन नीट मिटत नाही किंवा ऊतक चिरडलं जातं. मग टाक्यातून गळती होते, आणि आतड्यातली गळती जिवावर बेतू शकते.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2019 साली जाहीर केलं की 2011 पासून मार्च 2018 पर्यंत शरीराच्या आत वापरायच्या स्टेपलरबद्दल त्यांच्याकडे 41,000 हून अधिक तक्रारी आल्या. त्यांत 366 मृत्यूंच्या होत्या. प्रत्येक तक्रारीत दोष यंत्राचाच होता असं नाही. तरीही 2021 साली ही यंत्रं अधिक कडक नियमांच्या वर्गात टाकली गेली.

सगळ्यात भीतीदायक शक्यता म्हणजे पातं पुढे गेलं आणि पिना बसल्याच नाहीत. म्हणून वापरलेलं कार्ट्रिज आत राहिलं असेल तर पातं अडवणारा अडसर यंत्रातच बसवलेला असतो. तो आज्ञावलीवर सोडलेला नाही, लोखंडी आहे, आणि मला त्याचं समाधान वाटतं.

आमचं काम त्याच्या पुढचं. ऊतक जाड असेल तर मोटरवर ताण येतो आणि तो विजेच्या प्रवाहात दिसतो. तेव्हा वेग कमी करायचा, म्हणजे दाबलेल्या ऊतकातलं पाणी सरकायला वेळ मिळतो आणि पिना नीट बसतात. ताण फारच वाढला तर थांबायचं. पण थांबणं प्रत्येक वेळी सुरक्षित असतं का? जबडा रक्तवाहिनीवर मिटलेला आणि पातं अर्ध्यावर असेल, तर थांबलेलं यंत्रही धोक्याचंच. म्हणून मोटर बंद पडली तरी पातं मागे घेऊन जबडा हाताने उघडता यायलाच हवा. आमच्या बैठकांत सर्वात जास्त वाद याच ‘थांब’वर होतात. ज्या आज्ञावलीच्या बिघाडाने जीव जाऊ शकतो, तिला आंतरराष्ट्रीय मानकात सर्वात कडक वर्ग आहे. तिथे काय तपासलं आणि कसं तपासलं हे सगळं लिहून ठेवावं लागतं. सर, वहीत पायऱ्या न मांडता नुसतं उत्तर लिहिलं की तुम्ही गुण कापायचात, त्याची आठवण येते.

मोटरचा आणखी एक फायदा मैत्रिणींना सांगते. हाताने दाबायची जुनी मूठ मोठ्या पंजासाठी घडवलेली होती. 2004 साली 726 शल्यविशारदांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. लहान हातमोजे वापरणाऱ्यांना ही उपकरणं जास्त जड जातात, असं तिच्यात दिसलं. बटणावर चालणाऱ्या यंत्राला हाताचं माप विचारावं लागत नाही.

आता आपल्या आईवडिलांच्या शस्त्रक्रियांचं वय आहे, लवकरच आपलंही येईल. “टाके यंत्राने घालणार की हाताने?” असं डॉक्टरांना जरूर विचारा. दोन्ही उत्तरं योग्य असू शकतात. सुजलेल्या किंवा रक्तपुरवठा तुटलेल्या ऊतकावर यंत्र धोक्याचं ठरू शकतं. यंत्राने घातलेला टाकाही शेवटी माणूसच डोळ्यांनी तपासतो, आणि ते तसंच राहावं असं मला, यंत्राच्या बाजूने काम करणारीला, मनापासून वाटतं.